नाव नव्हतं, पण लुगडं माझंच होतं

आमच्या क्षेत्रात अलीकडे एक रीत चांगलीच रुळली आहे. कुठल्याही संस्थेच्या महिला सल्ला केंद्रात जा, भिंतीवर बायकांनी काढलेली चित्रं लावलेली असतात. कुठे कवितांची वही असते, कुठे भरतकाम, कुठे मातीची खेळणी. घरात मार खाणाऱ्या, टाकलेल्या, हाकलून दिलेल्या बायकांना 'व्यक्त होण्यासाठी' रंग, कागद, सुई-दोरा दिला जातो. आठ मार्चला त्याचं प्रदर्शन भरतं, आणि पुढे त्याचे फोटो वार्षिक अहवालात येतात.

हे मी बाहेरून टीका म्हणून लिहीत नाही. मी स्वतः हेच करत आले. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सल्ला केंद्रात रुजू झाले, त्याला आता दहा वर्षं होतील. शुक्रवारची शिवणाची बैठक मीच सुरू केली आणि तिचा मला अभिमानही होता. हा लेख लिहिण्याचं कारण त्या बैठकीत माझ्या हातून झालेली एक चूक आहे. आधी ती सांगते, मग माझं मत मांडते. ज्या ताईंबद्दल लिहिते आहे, त्यांना हा मजकूर वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांच्यासमोर चार पानी अर्ज ठेवला. हिंसेचा प्रकार, कधीपासून, किती वेळा, कशाने. ताई म्हणाल्या, "कधीमधी हात उचलतात." कधी? "आता तारीख कुठली ध्यानात ऱ्हातीया?" दोन बैठका झाल्या तरी अर्जाचे रकाने जवळजवळ कोरेच. डोळ्याजवळचा वळ तर समोर दिसत होता. वकिलांना तारखा हव्या होत्या, संरक्षण अधिकाऱ्यांना घरगुती घटना अहवालासाठी घटना हव्या होत्या, आणि ताईंकडे 'कधीमधी' एवढा एकच शब्द होता.

मग त्या शुक्रवारच्या बैठकीला येऊ लागल्या. येताना पिशवीत जुनेर घेऊन यायच्या. स्वतःच्या साड्यांचे तुकडे, आईचं एक लुगडं, मुलींचे झगे. वाकळ शिवायची होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक तुकड्याबरोबर त्या काहीतरी बोलतात. ही साडी थोरलीच्या बारशाला माहेरून आलेली; त्याच रात्री 'मुलगीच झाली' म्हणून भांडण झालं. ही पंचमीला घेतलेली. दुसऱ्या दिवशी नेसले तर 'कुणाला दाखवायला' म्हणून ओढून फाडली, हा तोच फाटका काठ. हा झगा धाकटीचा, ती मध्ये पडली तेव्हाचा. ज्या बाईला एकही तारीख सांगता येत नव्हती, तिने बारा घटना सणवार, सुगी आणि मुलींच्या वयानिशी सांगितल्या. मी विचारलं, "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगाया लागलं की हुंदका येतोय मॅडम. सुई हातात असली की न्हाई येत."

गोधडी न्यायालयात गेली नाही. पण ती समोर पसरून ताई बोलत गेल्या, मी लिहून घेत गेले, आणि त्यातून अर्जाचा मसुदा उभा राहिला. माझ्या दृष्टीने हा त्या बैठकीचा सगळ्यात मोठा विजय होता. इथेच मी थांबायला हवं होतं.

आठ मार्च जवळ आला होता. तालुक्याच्या सभागृहात प्रदर्शन ठरलं. मी ताईंना विचारलं, "गोधडी लावू का? नाव लिहिणार नाही." त्या "लावा की" म्हणाल्या. आता मागे वळून पाहताना कळतं, की जी बाई आपल्यावर वकिलासाठी, अर्जासाठी, एसटीच्या भाड्यासाठी अवलंबून आहे, ती आपल्याला नाही म्हणणार तरी कशी? सासरी कुणाला नाही म्हणायची तिला सोय नव्हती. आमच्याकडे तरी ती होती का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गोधडी भिंतीवर लागली. खाली चिठ्ठी होती, 'एका पीडितेची गोधडी'.

प्रदर्शन पाहायला ताईंच्या सासरच्या नात्यातली एक बाई आली. तिने आईचं ते लुगडं ओळखलं, झगा ओळखला, फाटका काठ ओळखला. गोधडीचा फोटो मोबाईलवरून रात्रीच्या आत भावकीत फिरला. 'घरची अब्रू चव्हाट्यावर मांडली' म्हणून त्या रात्री ताईंना मार बसला, आधी कधी बसला नव्हता इतका. समेटाची जी बोलणी चालू होती ती तुटली. सोमवारी त्या केंद्रावर आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नाव न्हवतं लिवलं मॅडम. पण लुगडं तर माझंच हुतं की." आणि वाकळ घडी करून घेऊन गेल्या.

या प्रसंगानंतर आमच्याकडे दोन प्रकारची मतं ऐकू आली. आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "हे रंगकाम-शिवणकाम बंदच करा. आम्ही हुंडाबळीच्या प्रकरणांत पोलीस ठाण्यांसमोर बसलो, मोर्चे काढले. तुम्ही रंगपेट्या वाटता. बाईला आधी वकील हवा, निवारा हवा, पोटगी हवी." उलट एक तरुण सहकारी म्हणाली, "एका चुकीसाठी एवढं चांगलं काम कशाला सोडायचं? कलेने जखमा भरतात." मला दोन्ही मतं पुरती पटली नाहीत. का, ते सांगते.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण ज्या काळाचा त्या दाखला देतात, त्या काळातही चळवळीने कलेला बाजूला ठेवलेलं नव्हतं. ४९८अ हे कलम १९८३ साली आलं. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक रंगमंचावर आलं. मोर्चातली गाणी, पथनाट्यं, भित्तिपत्रकं यांच्याशिवाय तो काळ आठवताच येत नाही. फरक एवढाच, की त्या वेळी गाणं आणि मागणी एकत्र चालत होती. गाणं म्हणा आणि घरी जा, असं कुणी म्हणत नव्हतं. आज कायदा पुढे गेला आहे. २००५चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची कोंडी हेही हिंसेत धरलं गेलं. ४९८अची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत गेली. कलमं आहेत. पण कलमापर्यंत पोचायला बाईला आधी बोलावं लागतं, आणि अडतं ते तिथेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण शंभरात जेमतेम चौदा होतं. उरलेल्यांपर्यंत आपले चार पानी अर्ज पोचतच नाहीत.

बोलायची सोय नसलेल्या बायका पूर्वी काय करत होत्या, हे आपल्याला माहीत आहे. त्या जात्याला सांगत होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेकीची माया आहे, आणि सासुरवासही आहे. पहाटेच्या अंधारात, सासू शेजारच्या खोलीत निजलेली असताना बाई हे गात होती. ओवीत ती स्वतःचं नाव घेत नव्हती. ती भावाला सांगे, आईला सांगे, जात्यातल्या देवाला सांगे. कुणी हटकलंच तर 'जुनीच ओवी हाय, आईनं शिकवलेली' म्हणायची सोय होती. रीतीभातीची ओवी ही बाईची ढालच होती म्हणा ना. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्या-कमरेचं दुखणं कमी झालं, त्याबद्दल कुणीही हळहळू नये. पण पहाटेची ती बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुठली जागा आपण दिली नाही. शुक्रवारच्या बैठकीकडे मी त्या दृष्टीने पाहते. बायकांना तिथे मी कला शिकवत नाही. जात्याभोवतीची मोडलेली जागा पुन्हा मांडायचा तो प्रयत्न आहे.

म्हणून कला ही चैन आहे, हे मला मान्य नाही. घरातल्या हिंसेत मार हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की बाईची हकीकतच तिच्याकडून काढून घेतली जाते. 'मी मारलं कुठं? नुसतं ढकललं.' 'तूच पडलीस.' 'तुझ्या डोक्यात काहीतरी फिरलंय.' वर्षानुवर्षं हे ऐकून बाईचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो. अशा वेळी ती एक वस्तू करते. काय कुठे लावायचं, कुठला तुकडा मधोमध, कुठला कडेला, कुठला घ्यायचाच नाही, हे ती ठरवते. घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिचं मत कुणी विचारत नाही, इथे मात्र शंभर लहान निर्णय तिचे असतात. आणि झालेली वस्तू दुसऱ्या दिवशी तशीच असते. 'असं काही झालंच नव्हतं' म्हणून ती पुसता येत नाही.

पण म्हणूनच 'कलेने जखमा भरतात' हे वाक्य मला घाबरवतं. जखम भरायला आधी मार थांबायला हवा. ज्या घरात रोज रात्री तेच होतं आहे, त्या घरात बाईला परत पाठवून शुक्रवारी फुलं काढायला बसवणं म्हणजे तिची सोसण्याची ताकद वाढवणं. मार मारणाऱ्याला याहून सोयीचं काय? बाई केंद्रात जाऊन मोकळी होऊन येते, पोलिसात जात नाही. आपल्या समाजाला बाईच्या दुःखाचं गाणं फार आवडतं. आपण ओव्या पाठ्यपुस्तकात घालतो, गोधडीचे टाके वाखाणतो, डोळे पुसतो. ज्या कारणाने ते गाणं जन्मलं, त्या कारणाला हात घालायची वेळ आली की म्हणतो, 'घरातला मामला आहे.' दुःख देखणं झालं की ते आणखी काही दिवस चालू ठेवायला हरकत नाही असं लोकांना वाटू लागतं. आपल्या केंद्रांच्या भिंती या पापात भागीदार होऊ नयेत.

मग मध्ये काय करायचं? मला दोन उदाहरणं नेहमी आठवतात.

एक आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणचं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं १९८६ मध्ये. दलित बाईने लिहिलेलं पहिल्या काही आत्मकथनांपैकी ते एक. त्यांचं छोटं दुकान होतं, तिथे बसून त्या लिहायच्या, आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वीसेक वर्षं त्यांनी ते असं लपवलं. पुस्तकात त्यांनी मुख्यतः आपल्या समाजाचं जिणं मांडलं. नवऱ्याच्या संशयाबद्दल, मारहाणीबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाबरोबर ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कधी लिहायचं, कधी दाखवायचं, त्यातलं किती दाखवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. समजा, पहिल्याच वर्षी माझ्यासारखी कुणी उत्साही कार्यकर्ती दुकानात जाऊन 'बेबीताई, आठ मार्चला वाचून दाखवा' म्हणाली असती, तर? ती लपवलेली वीस वर्षं म्हणजे आपल्याला भित्रेपणा वाटू शकतो. मला आता त्यात शहाणपण दिसतं.

दुसरं उदाहरण दूरचं. १९९० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड भागातल्या बायकांनी हायॅनिस गावात एक दोरी बांधली आणि तिच्यावर ३१ शर्ट वाळत घातले. प्रत्येक शर्टावर एकेका बाईने आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल लिहिलं होतं, चितारलं होतं. रेचल केरी-हार्पर या चित्रकर्तीची ही कल्पना. रंगांना अर्थ दिले होते. पांढरा शर्ट हिंसेत जीव गेलेल्या बाईसाठी, पिवळा मार खाणारीसाठी, लाल-गुलाबी बलात्कार सोसलेलीसाठी, निळा-हिरवा लहानपणी घरातच लैंगिक अत्याचार झालेलीसाठी. पुढे अशा दोऱ्या देशोदेशी बांधल्या गेल्या. धुणं हे बायकांचं काम आणि घरची धुणी बाहेर धुवू नयेत ही बायकांनाच दिलेली शिकवण; त्या शिकवणीलाच त्यांनी दोरीवर टांगलं. ही कल्पना वाचून मीही भारावले होते आणि आमची प्रदर्शनं त्यातूनच सुचली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. टी-शर्ट बाजारात हजारांनी मिळतो, त्यावरून बाई ओळखू येत नाही. आमच्याकडे गावात कपडा म्हणजे चेहरा असतो. कुणाची साडी कुठल्या लग्नातली, हे चार आळ्यांना ठाऊक असतं. नाव गाळलं की ओळख लपली, हा शहरातला हिशेब आहे.

यातून आमच्या केंद्रापुरते आम्ही काही नियम केले. ते सगळ्यांनी घ्यावेत असा आग्रह नाही, पण विचार व्हावा.

बाईने केलेली वस्तू बाईची. केंद्राचा कागद, केंद्राचे रंग, केंद्राची सुई असली तरी वस्तू तिचीच. ती घरी नेईल, जाळेल, उसवेल, विकेल. विकली तर पैसे तिच्याच खात्यात जातील, संस्थेच्या 'उपक्रम निधी'त नाही. जिची मजुरी नवऱ्याने काढून घेतली, तिच्या चित्राचे पैसे आपण घेतले तर फरक काय राहिला?

प्रदर्शनाची परवानगी जी कार्यकर्ती तिची केस बघते, तिने मागायची नाही. दुसरीने मागायची, आणि 'नाही म्हणालात तरी तुमच्या कामात काही फरक पडणार नाही' हे आधी सांगून. हो म्हटल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं, आणि लावायच्या दिवशी सकाळी पुन्हा. ज्या बाईचं प्रकरण चालू आहे आणि जी त्याच घरात राहते, तिचं काम लावायचंच नाही, ती हो म्हणाली तरी. तिच्या सुरक्षिततेचा विचार करणं हे आमचं काम आहे, ते तिच्या होकारावर ढकलता येणार नाही.

बैठकीत काय करायचं हे आपण सांगायचं नाही. एक आजी प्रत्येक शुक्रवारी फक्त कोंबड्या काढायच्या. लाल तुऱ्याच्या, पिलांच्या, खुराड्यातल्या. मुलाने घराबाहेर काढलेल्या आजी. मी एकदा विचारलं, "आजी, तुमच्या घरातलं काही काढा ना." त्या म्हणाल्या, "ह्या माझ्याच हायेत. त्यानं इकून टाकल्या." मला लाज वाटली. दुःखाचं चित्र दुःखासारखंच दिसलं पाहिजे, ही आमची गरज होती, त्यांची नव्हे. आणि समजा त्या कोंबड्या नुसत्याच आवडीच्या असत्या, तरी काय बिघडलं? सोसलेल्या बाईने आयुष्यभर फक्त सोसण्याचंच चित्र काढावं, असा कुणी नियम केला?

आणि शेवटचं. बैठक वकिलाशिवाय, निवाऱ्याच्या सोयीशिवाय, संरक्षण अधिकाऱ्यांच्या संपर्काशिवाय चालवायची नाही. बाईने कापडावर जे मांडलं ते ऐकून घेतल्यावर 'छान झालंय' म्हणून उठणं हा तिचा विश्वासघात आहे. ऐकलं, तर पुढचं पाऊल आपलं आहे.

त्या ताईंचं पुढे काय झालं, हे वाचणाऱ्या मैत्रिणी विचारतील. प्रदर्शनानंतरच्या मारहाणीचा दवाखान्यातला दाखला घेतला, त्या बारा घटनांसह अर्ज दाखल झाला. अंतरिम आदेश मिळायला वेळ लागला. पोटगी ठरली, पण ती वेळेवर कधीच येत नाही; तिच्यासाठी अजून तारखांना जावं लागतं. ताई आता मुलींना घेऊन तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतात, एका शाळेच्या पोषण आहाराच्या कामावर जातात. मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारण्यात मला माझीच सुटका हवी असेल, अशी शंका येते. मध्यंतरी त्यांच्या खोलीवर गेले होते. धाकटीला ताप होता आणि तिच्या अंगावर ती वाकळ होती. माझी नजर तिकडे गेलेली ताईंनी पाहिली. म्हणाल्या, "पांघरायला केली हुती मॅडम. बघायला न्हवती केली."

आपापल्या केंद्रांमधून, गटांमधून हे काम करणाऱ्या मैत्रिणींचे अनुभव मला हवे आहेत. विशेषतः फसलेले. तुम्ही परवानगी कशी मागता? बाई नाही म्हणाली असं शेवटचं कधी झालं? तसं कधीच झालं नसेल, तर आपल्या विचारण्यातच काहीतरी चुकतं आहे असं मला वाटतं. त्यावर पुढच्या अंकात बोलू या.